परूशी: पंथाचे नाव आणि शिवी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या एका खेड्यावरची कादंबरी तुम्ही मराठीत आणता आहात. तिसऱ्या प्रकरणात सून भांडणाच्या भरात सासऱ्याला 'फॅरिसी' म्हणते. कोशात त्याला 'ढोंगी, दांभिक' असे प्रतिशब्द मिळाले, मराठी बायबलात मात्र 'परूशी' दिसला. पुढे नवव्या प्रकरणात सगळे घर चर्चमध्ये बसलेले असताना लूकच्या शुभवर्तमानातला अठरावा अध्याय वाचला जातो आणि तिथेही तोच शब्द येतो. दोन्हीकडे 'ढोंगी' चालेल का, दोन्हीकडे 'परूशी' ठेवावा का, की एका जागी एक आणि दुसऱ्या जागी दुसरा? आणि मुळात हे परूशी कोण?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, बाकीची उत्तरे त्याच्याच पोटात आहेत. एका ओळीत सांगायचे तर परूशी म्हणजे येशूच्या काळातला यहुद्यांचा एक धार्मिक गट. गेली पंचवीस-तीस वर्षे मी अनुवाद करतो आणि दुसऱ्यांचे अनुवाद तपासतो. ज्या शब्दांवर लोक हमखास घसरतात त्यांची एक वही माझ्याकडे आहे. 'परूशी' तिच्यात फार वरच्या पानावर आहे.

आधी शब्दाचे रूप पाहू. 'परूशी' हे 'फॅरिसी'चे मराठी वळण आहे असे पुष्कळांना वाटते. तसे नाही, मराठी रूप मुळाच्या अधिक जवळ आहे. हिब्रूत एक माणूस 'पारूश', अनेक 'पेरूशीम', आणि तेव्हाच्या बोलीत म्हणजे अरामीत 'पेरीशय्या'. हा शब्द ग्रीकांनी घेतला तेव्हा त्यांच्याकडे 'श' नव्हता, म्हणून 'स' आला. सुरुवातीचा 'प' त्यांनी आपल्या महाप्राण अक्षराने लिहिला, तोच पुढे 'फ' झाला. ग्रीकमधून लॅटिन, लॅटिनमधून युरोपातल्या सगळ्या भाषा, म्हणून सगळीकडे 'फ' आणि 'स'. अरबीत तर 'प' नाहीच, तेव्हा तिथेही 'फ'. उर्दू-हिंदीतला 'फरीसी' त्या वाटेचा, आणि गोव्याच्या कोंकणीतला 'फारिजेव' पोर्तुगीज वाटेचा. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनी मात्र बऱ्याच ठिकाणी मूळ हिब्रू उच्चार धरला: येशू, मोशे, शलमोन, यरुशलेम, शब्बाथ. त्याच रांगेत परूशी आणि त्यांचा प्रतिस्पर्धी गट सदूकी आले. इंग्रजीवरून भाषांतर करणाऱ्याने हे लक्षात ठेवले नाही तर त्याच्या पुस्तकात एका पानावर 'फॅरिसी' आणि दुसऱ्या पानावर 'परूशी' असे दोन वेगळे पंथ उभे राहतात. मी हे छापून आलेले पाहिले आहे.

त्याहून वाईटही पाहिले आहे. एका दिवाळी अंकातल्या माझ्याच लेखात मुद्रितशोधकाने 'परूशी' ही चूक समजून सगळीकडे 'पारशी' करून टाकले. येशूने पारशांना ढोंगी म्हटल्याचे छापून आले आणि पुढची दोन महिने मी फोन घेत होतो. गंमत अशी की हा गोंधळ अगदीच निराधार नाही. टी. डब्ल्यू. मॅन्सन या इंग्रज अभ्यासकाने १९३०च्या दशकात असा तर्क मांडला होता की हे नाव मुळात 'इराणी' या अर्थाच्या अरामी शब्दावरून पडले असावे. हे लोक मृतांचे पुनरुत्थान आणि देवदूत मानत, तशाच कल्पना इराणच्या जरथुष्ट्री धर्मात होत्या, म्हणून विरोधकांनी टोमणा मारला, 'हे तर इराणीच!' बहुतेक अभ्यासकांनी हा तर्क स्वीकारला नाही, पण त्या मुद्रितशोधकाला मी तेव्हापासून थोडे माफ केले आहे. दुसरा गोंधळ 'परुष' या संस्कृत शब्दाशी होतो. परुष म्हणजे कठोर, आणि परूशी कर्मठ म्हणून प्रसिद्ध, तेव्हा वाचकाला व्युत्पत्ती आपोआप सापडते. ती खोटी आहे. ऱ्हस्व-दीर्घ आणि श-ष यांच्याकडे नीट पाहा.

सर्वमान्य व्युत्पत्ती 'प-र-श' या धातूवरून आहे, अर्थ 'वेगळे करणे'. परूशी म्हणजे वेगळे झालेले, विलग राहणारे. कुणापासून वेगळे? अशुद्धतेपासून, की सामान्य जनतेपासून, की सत्तेवरच्या राजघराण्यापासून? यावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. शिवाय याच धातूचा दुसरा अर्थ 'उलगडून सांगणे' असा होतो. हिब्रूत भाष्याला आजही 'पेरूश' म्हणतात, आणि सभास्थानात दर आठवड्याला वाचल्या जाणाऱ्या तोराच्या, म्हणजे मोशेच्या धर्मशास्त्राच्या, भागाला 'पाराशा'. म्हणून काहीजण म्हणतात, परूशी म्हणजे अर्थ लावणारे. मला पहिली व्युत्पत्ती अधिक पटते, पण दुसरी त्यांच्या कामाला जास्त शोभते. मृत समुद्राजवळ कुमरान येथे १९४७पासून जी गुंडाळीपत्रे सापडली त्यांतल्या एका पत्रात तो गट स्वतःबद्दल हेच क्रियापद वापरतो: आम्ही लोकसमूहातून वेगळे झालो. आणि तो गट परूशी नव्हता! 'वेगळे होणे' ही त्या काळातली सर्वांचीच भाषा होती, नाव मात्र एकालाच चिकटले.

आता माणसे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्यापासून ते इसवी सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले तोपर्यंत, म्हणजे साधारण सव्वादोनशे वर्षे, यहुदी समाजात हा गट दिसतो. आपली बरीचशी माहिती तीन ठिकाणांहून येते: योसेफस हा इतिहासकार, ख्रिस्ती नवा करार आणि रब्बींचे, म्हणजे यहुदी धर्मगुरूंचे, ग्रंथ. तिघांचेही आपापले हितसंबंध आहेत. योसेफस स्वतः पुरोहित घराण्यातला, आणि एकोणिसाव्या वर्षापासून आपण परूश्यांच्या रीतीने वागू लागलो असे तो आत्मचरित्रात सांगतो. हेरोद राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला ६,००० हून अधिक परूश्यांनी नकार दिला, हा आकडा त्याचाच.

त्याने सांगितलेला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. राजा योहान हुर्कानस (इ. स. पू. १३४ ते १०४) परूश्यांना मेजवानी देतो आणि म्हणतो, माझे काही चुकत असेल तर सांगा. सगळे स्तुती करतात. एलाजार नावाचा एकजण मात्र म्हणतो, खरेच धर्माने वागायचे असेल तर महायाजकपद सोड आणि नुसते राज्य कर, कारण तुझी आई शत्रूच्या कैदेत होती असे आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. (म्हणजे त्याच्या जन्माच्या शुद्धतेवरच शंका, आणि अशा माणसाला महायाजक होता येत नसे.) राजा संतापतो आणि सदूक्यांच्या बाजूला जातो. पुढे अलेक्झांडर यन्नई राजा झाला. मांडवांच्या सणात मंदिरात उभा असताना लोकांनी त्याला हातातल्या महाळुंगांनी मारले. त्या सणात महाळुंग हातात धरण्याची रीत आहे, तेव्हा दारूगोळा तयारच होता. त्यानेही सूड घेतला, नंतरच्या बंडात ८०० विरोधकांना क्रुसावर चढवले. पण योसेफस सांगतो की मरताना त्याने राणीला सल्ला दिला: परूश्यांशी जुळवून घे. सलोमे अलेक्झांड्रा राणीने इ. स. पू. ७६ ते ६७ राज्य केले, आणि योसेफसच्या शब्दांचा आशय असा की ती इतरांवर राज्य करी आणि परूशी तिच्यावर. एवढा राजकीय दबदबा असलेल्या गटाला आपण 'कर्मठ भटजी' एवढ्यावर आटोपतो.

हा 'भटजी' मराठी वाचकाच्या डोक्यात कुठून येतो ते सांगतो. मराठी बायबलात 'शास्त्री व परूशी' अशी जोडी सतत येते. धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला किंवा लेखनिकाला भाषांतरकारांनी 'शास्त्री' शब्द दिला. शब्द चपखल आहे, पण त्याच्याबरोबर पगडी, उपरणे आणि सदाशिव पेठही येते, आणि शेजारी बसलेल्या परूश्यालाही तेच कपडे चढतात. प्रत्यक्षात वंशपरंपरेने मंदिर सांभाळणारे, श्रीमंत, सत्तेजवळचे पुरोहित मुख्यतः सदूक्यांच्या बाजूला होते. 'सदूकी' हे नावच सादोक या पुरोहिताच्या घराण्यावरून पडले असे मानतात. परूश्यांत पुरोहित होते, पण गट म्हणून ते बहुतांशी अपुरोहित. योसेफस स्पष्ट म्हणतो की सदूक्यांच्या मागे फक्त धनवान होते आणि सामान्य लोक परूश्यांच्या मागे. म्हणजे मराठीत तुलना करायचीच तर परूशी म्हणजे देवळाचे पुजारी नव्हेत. पुजाऱ्यांपुरती असलेली शुद्धता आपल्या साध्या जेवणाच्या पानापर्यंत आणू पाहणारे ते गृहस्थ होते. जेवणाआधी हात धुण्यावरून येशूशी झालेला वाद मार्कच्या सातव्या अध्यायात आहे. त्याचे मूळ या आग्रहात आहे.

एक उदाहरण जवळून पाहा. मिश्ना हा रब्बींचा संग्रह इसवी सन २००च्या सुमाराला सिद्ध झाला. त्यात सदूकी आणि परूशी एकमेकांवर तक्रार करतात असा एक संवाद आहे. वाद धारेचा. शुद्ध भांड्यातून अशुद्ध भांड्यात पाणी ओतले तर ती अशुद्धता धारेवरून चढून वरच्या भांड्याला लागते का? सदूकी म्हणत, लागते. परूशी म्हणत, नाही. मराठी वाचकाला हे वाचताना हसू येईल आणि लगेच अंगावर काटाही येईल, कारण 'वरून पाणी वाढणे' ही गोष्ट आपल्या आठवणीत फार वेगळ्या कारणाने आहे. मिश्नातला प्रश्न भांड्याचा होता, माणसाच्या जातीचा नव्हता. म्हणून 'सोवळे-ओवळे' हे शब्द या विषयात मी हात राखून वापरतो. 'शुद्ध-अशुद्ध' कोरडे वाटते, पण ते नको ती जात घरात आणत नाही. आणि या वादात सोपी, माणसाला सुटसुटीत पडणारी बाजू कुणाची होती तेही पाहा.

अशीच दुसरी सोय म्हणजे 'एरूव'. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी घरातली वस्तू बाहेर सार्वजनिक जागेत न्यायची नाही. मग एका चौकाभोवती दहा बिऱ्हाडे असतील तर शेजारणीकडे भाजीचे भांडे कसे न्यायचे? सगळ्या बिऱ्हाडांनी थोडी थोडी भाकरी एकत्र ठेवायची, की सगळा वाडा एक घर ठरतो. चाळीत वाढलेल्या माणसाला यातले शहाणपण समजावून सांगावे लागत नाही. मिश्नात याच संदर्भात यरुशलेममधल्या एका बोळाची आठवण आहे: तिथे एक सदूकी राहत होता, तो ही व्यवस्था मानत नसे, आणि त्यामुळे बाकीच्यांची अडचण होई. नियम न मोडता जगणे शक्य करायचे, ही परूश्यांच्या आणि त्यांच्या वारसांच्या विचाराची दिशा होती. ती कधीकधी केस चिरण्यापर्यंत जाई, हेही खरे.

मग 'ढोंगी' कुठून आले? मुख्यतः मत्तयच्या तेविसाव्या अध्यायातून. तिथे येशू शास्त्री आणि परूशी यांना पुन्हा पुन्हा ढोंगी म्हणतो: पुदिना, शेपू, जिरे यांचाही दशांश मोजून देता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता. चिलट गाळून टाकता आणि उंट गिळता. भाषा जळजळीत आहे. (शेपूच्या जुडीतला दहावा भाग मोजणारा माणूस डोळ्यांसमोर आणा, म्हणजे विनोदही कळेल.) ग्रीकमध्ये 'ढोंगी'साठी जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ रंगमंचावरचा नट. मुखवटा घालून दुसऱ्याचे बोलणारा. मराठीत 'सोंग' आणि 'ढोंग' शेजारी शेजारी राहतात, तसेच ते.

पण त्याच नव्या करारात दुसऱ्या बाजूही आहेत, आणि त्या नजरेआड होतात. येशू परूश्यांच्या घरी जेवायला जातो, लूकमध्ये एकदा नव्हे, तीनदा. हेरोद तुला मारायला पाहतो आहे, इथून निघून जा, असे त्याला सांगायला येतात ते परूशीच. रात्री भेटायला येणारा निकदेम परूशी. प्रेषितांना सोडून द्या असे धर्मसभेत सांगणारा गमलिएल परूशी. आणि पौल तर ख्रिस्ती झाल्यावरही भर सभेत सांगतो, मी परूशी आहे, परूश्याचा मुलगा आहे. या एका वाक्याने सभेतले परूशी आणि सदूकी आपापसात भांडू लागतात, कारण मुद्दा पुनरुत्थानाचा होता आणि सदूकी ते मानत नसत. येशू आणि परूशी यांचे भांडण बरेचसे भाऊबंदकीचे होते. ज्यांच्याशी काहीच जुळत नाही त्यांच्याशी माणूस इतके तासनतास वाद घालत नाही. शुभवर्तमाने ज्या रूपात आपल्याकडे आली ती बहुतेक अभ्यासकांच्या मते इसवी सन ७०च्या आसपास आणि त्यानंतर लिहिली गेली. मंदिर पडले तसे सदूकी इतिहासातून गेले. मैदानात उरले दोघे, येशूला मानणारे आणि परूश्यांचे वारस असलेले रब्बी. मत्तयच्या शब्दांना जी धार आहे त्यात या नंतरच्या भांडणाची भर आहे.

आणि ढोंगी परूश्याची सर्वांत मार्मिक थट्टा कुणी केली असेल तर रब्बींनीच. तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चांच्या मोठ्या संग्रहात, सात प्रकारचे 'पारूश' सांगितले आहेत. एक पाय आपटत, ठेचा खात चालतो, असा त्याचा विनय. एक बाईकडे नजर जाऊ नये म्हणून डोळे मिटून चालतो आणि भिंतीवर आपटून रक्त काढतो. एक उखळातल्या मुसळासारखा वाकून चालतो. एक विचारतो, सांगा बघू, माझे अजून काही कर्तव्य राहिले आहे का, म्हणजे तेही करून टाकतो! शेवटी येतात भीतीने वागणारा आणि प्रेमाने वागणारा. तिथेच यन्नई राजाचा राणीला दिलेला उपदेश येतो: परूश्यांना भिऊ नकोस, परूशी नसलेल्यांनाही भिऊ नकोस, भी त्या 'रंगवलेल्यां'ना, जे परूश्यांसारखे दिसतात. या 'रंगवलेला' शब्दाचे एकवचन 'त्सावूआ' हाच आजच्या हिब्रूतला 'ढोंगी'साठीचा रोजचा शब्द आहे. हिब्रूने परूशी आणि ढोंगी यांना दोन वेगळे शब्द ठेवले. युरोपने दोन्ही एकत्र करून टाकले.

किती सहज केले याचा नमुना जर्मनीत कॉफीच्या कपात मिळतो. उत्तरेकडे नॉर्डस्ट्रांट येथे १८७२ साली एका बारशाच्या जेवणात पाद्री मद्याच्या विरोधात कडक, म्हणून यजमानांनी कॉफीत रम घालून वर मलईचा थर दिला, म्हणजे वास येणार नाही. चुकून तसला कप पाद्र्याच्याच हाती लागला आणि तो ओरडला, अरे परूश्यांनो! अशी कथा सांगतात. त्या पेयाला तिथे आजही तेच नाव आहे. हे वाचून मी मनापासून हसलो होतो. पण ज्या माणसाचा धर्म त्या पंथातून आला आहे तो ते नाव फळ्यावर वाचून हसेल का, हा विचार मला फार उशिरा सुचला.

मंदिर गेल्यावर योहानान बेन जक्काई आणि त्यांच्यानंतरचे रब्बी यांनी जो यहुदी धर्म पुन्हा उभा केला तो मोठ्या प्रमाणात परूश्यांच्या परंपरेतला आहे. 'तुला जे नकोसे वाटते ते दुसऱ्याला करू नकोस, बाकी सगळे भाष्य आहे' असे सांगणारा हिल्लेल त्यांच्याच परंपरेतला. आजचे सभास्थान, प्रार्थना, शब्बाथचे नियम यांची नाळ तिथे जोडलेली आहे. म्हणून यहुदी वाचकाला 'परूशी' हा पूर्वजांसाठीचा शब्द वाटतो. मे २०१९ मध्ये रोममधल्या पोपच्या बायबल संस्थेत 'येशू आणि परूशी' या विषयावर परिषद झाली. पोप फ्रान्सिस यांनीही त्या अभ्यासकांपुढे हेच बोलून दाखवले की अनेक भाषांत या शब्दाचा अर्थ ढोंगी असा होऊन बसला आहे, आणि पुष्कळ यहुद्यांसाठी मात्र ते आपले आध्यात्मिक पूर्वज आहेत.

हे सगळे लांब रोममधले वाटत असेल तर अलिबागकडे पाहा. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना गावकरी 'शनिवार तेली' म्हणत, हे मराठी बोलणारे यहुदी. आपले पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले असे ते सांगतात. शब्बाथ, सुंता, 'शमा'ची प्रार्थना त्यांनी शतकानुशतके सांभाळली, पण रब्बींचे ग्रंथ त्यांच्याकडे नव्हते. ते नंतर आले. १८३२ मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने हिब्रूचे व्याकरण मराठीतून काढले. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची 'हग्गादा' मराठी भाषांतरासह छापली गेली. म्हणजे परूश्यांच्या वारशाचा मजकूर मराठीत दीडशे वर्षांहून अधिक काळ वाचला जातो आहे. तुमचा वाचक ठाण्याच्या सभास्थानात जाणारा असू शकतो, किंवा इस्राएलमध्ये बसून मराठी वाचणारा. 'परूशी म्हणजे ढोंगी' असे कोशवजा वाक्य लिहिताना मला तो समोर बसलेला दिसतो.

यहुदी ग्रंथांचे भाषांतर कधी हाती आले तर आणखी एक खड्डा आहे. तिथे 'पेरूशीम' नेहमी हाच पंथ नसतो. मंदिर पडल्यावर मांस आणि द्राक्षारस सोडलेले 'पेरूशीम' वाढले अशी एक कथा आहे. रब्बी यहोशुआ त्यांना विचारतात, मांस का नाही? ते म्हणतात, वेदीवर अर्पण होत असे ते बंद झाले. मग भाकरीही सोडा, धान्याचे अर्पणही बंद झाले. बरे, फळे खाऊ. फळेही नकोत, प्रथमफळेही बंद झाली. मग पाणी? पाण्याचे अर्पणही थांबले. तेव्हा ते गप्प होतात. इथे 'परूशी' लिहिले तर अर्थाचा चुराडा होईल, इथे 'विरक्त' हवे. एकोणिसाव्या शतकात विल्ना गावच्या गाओनचे (ही थोर विद्वानाची पदवी) जे शिष्य पॅलेस्टाइनला जाऊन राहिले त्यांनाही 'पेरूशीम' म्हणत. त्यांचा प्राचीन पंथाशी संबंध फक्त शब्दापुरता.

रूपांची बाब पटकन: एकवचन-अनेकवचन दोन्ही 'परूशी', पुढे माळी-माळ्याने तसे परूश्याने, परूश्यांनी, परूश्यांचा. प्रवचनांत 'परूशीपणा' ऐकू येतो, त्याचा अर्थ तिथल्या श्रोत्यांना कळतो. बाहेरच्या वाचकाला तो शब्द काहीच सांगत नाही.

आता तुमची कादंबरी. पहिल्या वाचनात मी तिसऱ्या प्रकरणासाठी 'आले मोठे धर्मात्मे!' असे समासात लिहिले होते. मराठी सुनेच्या तोंडी ते छान बसते, आणि 'ढोंगी'पेक्षा तर कितीतरी बरे, कारण तिचा राग सासऱ्याच्या खोटेपणावर नाही, स्वतःला पुण्यवान समजण्यावर आहे. पण नववे प्रकरण वाचल्यावर ते खोडले. लूकच्या त्या दाखल्यात मंदिरात दोघे प्रार्थनेला जातात. परूशी म्हणतो, देवा, मी इतर माणसांसारखा नाही, आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळेल त्याचा दशांश देतो. जकातदार दूर उभा राहून छाती बडवतो. लेखिकेने सुनेच्या शिवीचा स्फोट सहा प्रकरणे लांबवून चर्चमध्ये ठेवला आहे. सासरा बाकावर बसून तो शब्द ऐकतो आणि कुणाकडे पाहत नाही. तिसऱ्या प्रकरणात 'धर्मात्मे' ठेवला तर नवव्यातले ते न पाहणे वाया जाते.

म्हणून दोन्हीकडे 'परूशी'. फक्त पहिल्या जागी वाक्याला थोडा आधार द्या, तळटीप नको. 'देवापुढे उभं राहून आपलेच उपास मोजणारे परूशी आहात तुम्ही!' एवढे पुरे. बायबल न वाचलेल्यालाही राग पोचतो, आणि दाखला येईल तेव्हा उपासांची गाठ आपोआप पडते. ही शिवी त्या बाईची आणि तिच्या काळाची आहे, ती पुसायचा अधिकार तुम्हाला नाही. प्रस्तावना लिहिणार असाल तर तिच्यात मात्र तुम्ही स्वतःच्या आवाजात परूश्यांना ढोंगी म्हणू नका.

चौदाव्या प्रकरणातल्या वकिलाच्या हसण्याला इंग्रजीत याच शब्दाचे विशेषण लावले आहे. तिथे ना पंथ आहे ना दाखला. तिथे 'साळसूदपणे हसला' लिहा आणि पुढे चला.